टोमॅटोची एकोणीस रोपं आणि न दिसणारा तांबडा

ती. वन्सं यांस,

पाया पडते (मनातल्या मनात, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसती बाटली उशाशी ठेवता? मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, वाचते. तुमच्या भावाला जाऊन अकरा महिने झाले, हे तुम्हाला सांगायला नको.

गोंधळ टोमॅटोचा आहे. ह्यांनी धरलेलं शेवटचं बी पाकिटात उरलं होतं, ते सगळं मी गच्चीवरच्या लांबट पेटीत पेरलं. एकोणीस रोपं आली. यंदा फळ धरलं नाही, तर ह्यांच्या हातचं बी संपलं. आणि रोपं तर नुसती उंच वाढत सुटली, दोऱ्यासारखी बारीक, फुलाचा पत्ता नाही. मी ठरवलं, दोष शेजारच्या शिंप्याच्या वेलाचा. तो कठड्यावरून आमच्याकडे डोकावतो. पण त्याची सावली तर पेटीवर पडतच नव्हती! म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं. (बाई म्हणाल्या, "हे कॉलेजच्या मुलांचं आहे." मी म्हटलं, "मग ती आली की परत करते.") त्यात लिहिलंय की पान उन्हातला तांबडा उजेड स्वतः खातं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जवळजवळ न दिसणारा तांबडा परत फेकतं. तो अंगावर आला की रोपाला कळतं, जवळ दुसरं झाड आहे. आणि सावली पडायच्या आधीच ते वर पळू लागतं. आता दिसत नाही तर तो तांबडा कसा, हे मला तीनदा वाचूनही कळलेलं नाही. रोपाला डोळे नाहीत, त्याला कळतं. मला दोन आहेत, वर चष्मा.

तरी पुरावा मिळाला म्हणून मी शिंप्याशी भांडले. तुमचा वेल माझ्या रोपांवर न दिसणारा उजेड टाकतो, असं तोंडावर सांगितलं. गळ्यात टेप तसाच, तो कात्री आणायला वळला. बिचाऱ्याने वेल छाटला (बहुधा भीतीने). पंधरा दिवसांत रोपं आणखी वीतभर उंच! मग तोच वर आला, पेटीवर वाकून बोटांनी माप घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, एवढ्याशा कापडात एकोणीस सदरे? अहो, ही एकमेकांनाच भिऊन पळतायत." पुस्तक उघडलं, तर पुढच्याच पानावर तेच होतं. मी तिथवर पोचलेच नव्हते.

बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

तुमची,
भावजय

ता. क. खरं सांगते, विरळणी करायची हे मला माहीत होतं. दरवर्षी हे करायचे ते बघत आलेय. चार ठेवायची, पंधरा उपटायची. मुळं गुंतलीत, दुसरीकडे लावता येणार नाहीत. तीनदा पेटीपाशी बसून उठले. ह्यांची कुठली टाकू? तुम्ही थोरल्या बहीण, तुमचा हक्क आहे. येऊन उपटा. तेवढ्या वेळात मी शिंप्याची माफी मागून येते.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी वर जाऊन एक उपटून पाहिलं. हाताला पानांचा वास लागलाय, ह्यांच्या सदऱ्यांना यायचा तोच. अजून हात धुतलेला नाही. उपटायची चौदा उरलीत. लवकर या.