ब्लेड नेहमी खाली टेकवून ठेवावं

मी, डॉ. ज्ञानेश्वर रामचंद्र खरवंडीकर, वय चौसष्ट, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार वॉटफर्डबाहेरच्या एका खासगी रस्त्यावरचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. कोणा माणसाचं दडपण नाही, एवढाच त्याचा अर्थ. येत्या गुरुवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. बत्तीस वर्षं मी लोकांना "घाबरू नका, छान झोप लागेल" असं सांगून भूल दिली. त्या झोपेत काय काय होऊ शकतं ते मला पाठ आहे, त्यामुळे माझीच पाचावर धारण बसली आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं मी रद्द करतो.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि पेन्शनमधून जे मिळेल ते सर्व माझी पत्नी सौ. सुलक्षणा हिला. मुलगा नील याने तिला क्रॉयडनच्या फ्लॅटमध्ये न्यायची घाई करू नये. तिला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

२. माझी पुस्तकं आणि मनगटी घड्याळ नीलला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. गार्डन ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लावायचं, बर्फ ढकलायचं लोखंडी डोझर ब्लेड मात्र त्याला मिळणार नाही. गेल्या ख्रिसमसला तो गॅरेजमध्ये म्हणाला, "बाबा, हा ब्लेड वर लॉक करून ठेवा ना. खाली किती जागा मिळतो, बॉक्सेस जातील." आणि बोलता बोलता खाली वाकला. "हात काढ आधी तिथून!" असा मी ओरडलो. त्याला वाटलं, म्हातारा चिडका झाला. नील, मी चिडलो नव्हतो. मी घाबरलो होतो.

३. ट्रॅक्टर आणि ब्लेड समोरच्या मिस्टर हॉलिस यांना द्यावं. आमच्या रस्त्यावर कौन्सिलची बर्फ काढणारी गाडी येत नाही, म्हणून मी ते घेतलं. त्याच्या आवाजाबद्दल हॉलिस यांनी मला दोन खरमरीत पत्रं लिहिली. गेल्या सोमवारी एवढा बर्फ पडला तेव्हा हेच गृहस्थ टाय लावून फाटकात माझी वाट पाहत उभे होते. तरीही त्यांनाच द्यावं. त्यांना या ब्लेडची भीती वाटते आणि सध्या माझा भित्र्या माणसावरच भरवसा आहे.

४. हॉलिस यांना पुढील सूचना इंग्रजीत करून द्याव्यात. बर्फ काढताना मागच्या चाकांना साखळ्या लावाव्यात, गाडी सावकाश चालवावी आणि ब्लेड थोडं तिरकं ठेवावं, म्हणजे बर्फ एका कडेला जातो. खडीवर ते इंचभर वर धरावं. (पूर्वी मी "दोन बोटं वर" म्हणायचो. आता म्हणत नाही.) काम झालं की ब्लेड दोन लाकडी ठोकळ्यांवर पूर्ण टेकवावं, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकावी आणि मगच खाली उतरावं. उन्हाळ्यात ते काढून, पुसून, ग्रीस लावून ठोकळ्यांवरच ठेवावं. उचललेल्या ब्लेडखाली हात घालू नये. कोणालाही घालू देऊ नये.

५. सुलक्षणा, हे तुझ्यासाठी आहे. २००५ च्या खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरची पूजा केली. पूजेची वस्तू जमिनीला टेकलेली बरी दिसत नाही, म्हणून मी दांडा ओढून ब्लेड वर उचललं. दांडा ज्या खाचेत अडकतो ती झिजली होती आणि सुटायची, हे मला मार्चपासून माहीत होतं. मी तो दोरीने बांधून ठेवत असे. त्या सकाळी मी दोरी सोडली, कारण नीलला पाठवायच्या फोटोत झेंडूच्या माळेशेजारी ती कळकट दिसत होती. तू खालच्या कडेला कुंकू लावायला वाकलीस आणि ब्लेड पडलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तुझी दातांची प्रॅक्टिस गेली.

ॲम्ब्युलन्समध्ये तूच म्हणालीस, "माझाच पदर अडकला असेल हो दांड्याला." तुझा पदर खोचलेला होता, मी पाहिला होता. मी म्हणालो, "असू दे, होतं असं." तेव्हापासून तू पाहुण्यांना स्वतःच्या वेंधळेपणाची गोष्ट हसत सांगतेस, यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही म्हणतेस, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. ऑपरेशनपेक्षा मला तुझ्या चेहऱ्याची भीती जास्त वाटते.

साक्षीला आलेल्या शशीला मी हे कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अरे, कागदावर कशाला? किचनमध्येच आहे ती. जा आणि सांग." मी उठून दारापर्यंत गेलो. तू विचारलंस, "चहा टाकू का हो सगळ्यांना?" मी "टाक" म्हणालो आणि परत येऊन बसलो.

गुरुवारपर्यंत मधले तीन दिवस आहेत. त्यात मी तुला सांगितलं, तर हा कागद फाडून या कलमाशिवाय दुसरा करीन. म्हणजे तू हे वाचत असशील, तर मी सांगितलं नाही.

सही : ज्ञानेश्वर रा. खरवंडीकर

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार : १. डॉ. शशी देवस्थळी, स्टॅनमोर  २. नीना देवस्थळी, स्टॅनमोर

स्थळ : राहतं घर, वॉटफर्ड
दिनांक : ८ फेब्रुवारी २००९, रविवार