एल, आय — पुढं काही नाही

१२ मार्च २००१, सोमवार

सकाळपासून परत परत तेच! काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं — एल, आय. पुढं काही नाही.

सुरू होताना चार अक्षरं उमटायला पाहिजेत — एल, आय, एल, ओ. मग ओळींचा धबधबा सुरू होतो आणि लिनक्स चालू. आमचं दोनावरच थांबतं. शनिवारी सकाळी दुकानदारानं लिनक्स घालून दिलं, संध्याकाळी पाचपर्यंत तिन्ही कॉम्प्युटर चालत होते. प्रेरणा पाटीलनं नोकरीचा अर्ज टाइप करून दाखवला होता मला. आज सातची बॅच येऊन बसली आणि तिन्ही मुके!

मुलांना टाइपरायटरवर बसवलं. दोघं तोंड वाकडं करून घरी गेले.

१३ मार्च

दुकानदाराला चार फोन. "येतो की बाई." घालून देताना म्हणाला होता, "एकदा लिनक्स घातलं की परत बघायचं काम न्हाय." दोन दिवस नाही टिकलं.

या वयात हा उद्योग कशाला अंगावर घेतला असं रोज वाटतं. पण भावानं, मल्लेशनं फेब्रुवारीत सरळच सांगितलं — "अक्का, टाइपरायटरला आता कोण येतंय? जूनअखेर पंचवीस पोरं कॉम्प्युटरला बसलेली दाखव. हॉल तुझ्याकडं ठेवतो. न्हायतर मला दुसरा विचार करावा लागंल." बोलणं चुकीचं नाही. हॉल त्याच्या नावावर. अप्पांनीच तसं करून ठेवलंय — क्लास लेकीला, जागा लेकाला. सव्वीस वर्षं मी ह्या आठव्या गल्लीतल्या जिन्यावरून वर-खाली करतेय, पण जागा भावाची.

शिरोलीत एक ऑफिस बंद झालं, त्यांचे तीन जुने कॉम्प्युटर घेतले. सगळ्या क्लासमधनं मशीन चालवणारा प्रोग्रॅम चोरीच्या सीडीवरनं घालतात. मला नको. अप्पांची 'शासनमान्य' पाटी दारावर आहे. लिनक्सची सीडी एका मासिकाबरोबर आली होती, कुणीही घाला, कायदेशीर. म्हणून लिनक्स. हौस म्हणून नाही!

१६ मार्च

बादशहाभाई आले. टाइपरायटरना तेलपाणी. लक्ष्मीपुरीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, अप्पांच्या वेळेपासून आमची मशीनं तेच बघतात. साठी उलटली असेल. सतरा मशीनं पुसून झाली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन उभे राहिले.

"ह्यो गप का?"

म्हटलं, सुरूच होत नाही. दोन अक्षरं येतात आणि थांबतं.

"रोज त्याच दोनांवर?"

"रोज."

"मग बरं हाय. रोज येगळीकडं अडकलं असतं तर वांदं. उघडून बघू?"

नको म्हटलं. घाबरून.

१९ मार्च

दुकानदार आला. सुरू करताना एक बटण दाबून धरलं, निळा पडदा आला, त्यात काहीतरी खालीवर केलं. तिन्ही मशीनं दहा मिनिटांत चालू!

"काय केलंत?"

"काय न्हाय हो. सेटिंग."

जेवण गोड लागलं आज.

२० मार्च

एल. आय.

२५ मार्च, रविवार

दोन दिवस लागून स्वतः लिनक्स पहिल्यापासून घातलं. एका मशीनला अडीच तास. इंग्रजीत प्रश्न येतात, शब्द कळतात, प्रश्न कळत नाही. डिस्कचे भाग किती करू, कुठला कुठं ठेवू. अंदाजानं उत्तरं. शेवटी 'अभिनंदन' म्हणालं! सीडी बाहेर आली. पुन्हा सुरू केलं.

एल. आय.

तिन्हीवर केलं. तिन्हीची गत एकच. उद्या पाडवा. अव्वा म्हणते, आईचं ऐक, सणाला तरी चेहरा नीट ठेव.

२ एप्रिल

कॉम्प्युटरला नाव घातलेली अकरा जणं होती. आता सात. काना-मात्रा दाखवत मराठी टाइपिंग शिकवायचं, पुढची बॅच घ्यायची, मधेच त्या काळ्या पडद्यासमोर जाऊन उभं राहायचं. दुकानदार आता फोनच उचलत नाही.

६ एप्रिल

आज वाईट वागले.

नळाला पाणी आलं म्हणून खाली गेले होते, परत येते तर बादशहाभाईंनी एका कॉम्प्युटरचा पत्रा काढलेला. हातात तोच टाइपरायटरचा पाना-पेचकस. माझं डोकंच फिरलं. "हे टाइपरायटर नाही, भाई! कळत नाही तिथं हात घालू नका!" मुलांसमोर.

भाईंनी पत्रा बसवला. चारही स्क्रू नीट आवळले. पेचकस फडक्यात गुंडाळला आणि जिना उतरले. चहासुद्धा घेतला नाही.

१३ एप्रिल

भाई आले नाहीत. शुक्रवार त्यांचा ठरलेला.

मल्लेश जिन्यात भेटला. "अक्का, लई दमल्यासारखी दिसतीयास. किती वर्षं करायचं आता? घरात अव्वासंगं निवांत बस की." प्रेमानं म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल

रिक्षा करून लक्ष्मीपुरीत गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. दारातच म्हटलं, "भाई, चुकलं माझं."

"कशाचं?" म्हणाले. "मशीन बंद पडलं की मालक वरडतोच. तीस वर्षं ऐकतोय."

"मी तुमच्यावर कधी ओरडले होते आधी?"

जरा विचार केला. "न्हाय. म्हणूनच लागलं."

शटर ओढलं आणि माझ्याच रिक्षात बसून आले.

२४ एप्रिल

भाई आता रोज अकराला येतात. एक वही आणलीय. उर्दूत लिहितात — कुठलं मशीन, किती वाजता, काय झालं. "ते बोलत न्हाय, मग आपणच लिवून ठेवायचं." इंग्रजी त्यांना येत नाही. पडद्यावरचं मी वाचते, ते लिहितात.

दुपारी दुकानदाराला आम्ही दोघांनी त्याच्या दुकानातच गाठलं. भाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "पावणं, ती सेटिंग लिवून द्या. त्याबिगर आमी जात न्हाय." दिली! सुरू होताना डिलीट दाबायचं. निळा पडदा. डिस्क कशी वाचायची ती ओळ. 'नॉर्मल' आहे तिथं 'एलबीए' करायचं. जपून ठेवायचं, बाहेर पडायचं. एवढंच.

आल्या आल्या केलं. चारही अक्षरं आली!

२५ एप्रिल

सकाळी परत 'नॉर्मल'. आपोआप! कुणीही हात लावलेला नाही, कुलूप माझं, किल्ली माझ्याकडं. परत बदललं. चाललं.

३० एप्रिल

रोज सकाळी तीन मशीनं, तीन निळे पडदे. पण दुपारी लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. बारा वाजता लोडशेडिंग, कॉम्प्युटरची मुलं हात बांधून बसलेली. लाइट आल्यावर मी एकेका मशीनपुढं वाकून उभी. एक मुलगा म्हणाला, "बाई, बाकीच्या क्लासमधी असलं न्हाय." खरंय.

कंबर धरलीय.

४ मे

चमत्कार! सकाळी तिन्ही मशीनं सेटिंग न करता सुरू झाली. एलबीए जिथल्या तिथं!

भाईंनी वही उघडली. "काल येगळं काय केलं?"

काहीच नाही म्हटलं. काल अव्वाला ताप होता, घाईत निघाले. मग आठवलं — मेन स्विच पाडायचा राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

भाईंनी लिहून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं. "म्हंजे करंट असला की ध्यानात ऱ्हातंय. करंट गेला की इसरतंय." मग वहीची मागची पानं चाळत बसले. चहा निवला त्यांचा.

१० मे, गुरुवार

प्रेरणानं अर्ज छापून घेतला आणि हसत सुटली. वर तारीख १ जानेवारी १९९८. "बाई, मी तवा दहावीला हुते!" तारीख मशीननं आपल्याआप घातलेली. मी बाकीच्यांची कामं उघडून बघितली. दोन आठवड्यांतली बहुतेक सगळी, १ जानेवारी १९९८!

भाईंना सांगितलं, त्यांना हसू आलं नाही. ताडकन उठले. "बाई, ह्येच्यात घड्याळ हाय?"

"असणारच. तारीख दाखवतंय म्हणजे."

"मग घड्याळाचा सेल गेलाय! लाइट हाय तवर चालतंय. लाइट गेली की तारीख बी जाती, सेटिंग बी जाती. दोनी एकाच जागी ठेवलेलं असणार."

ह्या खेपेला मीच म्हटलं, उघडा.

आत धूळ. एका कोपऱ्यात गोल चपटा सेल, शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. पेचकसानं अलगद उचलून माझ्या हातावर ठेवला. ह्या एवढ्याशासाठी दोन महिने मी लिनक्सला शिव्या घालतेय! लिनक्सनं आपलं काम केलं होतं. डिस्क कशी वाचायची तेच मशीन रोज विसरत होतं, मग त्याला पुढचा रस्ता कुठनं सापडणार?

११ मे

घड्याळवाल्याकडं सेल नाही मिळाले. दाभोळकर कॉर्नरजवळ एकाकडं मिळाले. तिन्ही बसवले. तारीख घातली, सेटिंग केलं. संध्याकाळी मेन स्विच पाडला.

१२ मे

साडेसहालाच गेले. भाई जिन्यात येऊन बसलेले!

मेन लावला. पहिलं मशीन. एल. आय. — पुढचा क्षण लांबच लांब — एल. ओ. आणि ओळी धावायला लागल्या.

"किती आली?" भाई मागनं.

"चार."

"दुसरं लावा."

चार. तिसरं — चार!

भाई खुर्चीत बसले. मी म्हटलं, "तुमचं नाव टाइप करा." कसनुसे हसले. तीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, कधी एक शब्द टाइप केला नाही म्हणे. कुणी बसाच म्हटलं नाही. मी अक्षरं दाखवत गेले, ते एका बोटानं दाबत गेले. नाव पुरं झाल्यावर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बघत बसले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

४ जून

एकोणीस जणं. सकाळी दोन बॅचा, संध्याकाळी तीन. घसा बसलाय. प्रेरणाच्या मैत्रिणी आल्या, शाहूपुरीतनं दोघं आले. बादशहाभाई सकाळी एक तास शिकायला बसतात, सगळ्यांच्या मागच्या खुर्चीवर. विद्यार्थी म्हणून नाव घालायचं का विचारलं. "घाला की. फुकट न्हाय बसणार. तेलपाणी करीन."

पाय सुजतात. पण झोप लागते.

२१ जून

सत्तावीस! भाई सोडून.

२८ जून

मल्लेशला बोलावलं. चारची बॅच भरलेली होती. तिन्ही मशीनं चालू, बाकीचे टाइपरायटरवर पाळी येईपर्यंत. मी हजेरीची वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं उघडली नाही. एकेका मशीनकडं बघत राहिला. म्हटलं, बस, चहा सांगते. "नको अक्का. उद्या बोलू," म्हणाला आणि गेला.

खूश झाला असेल. त्याला बोलून दाखवता येत नाही, लहानपणापासून.

२९ जून

हॉल गेला. आज नाही — मार्चच्या पहिल्या आठवड्यातच. एका डॉक्टरला विकला. कागद झालेत. पंधरा जुलैला ताबा.

मल्लेश अव्वाच्या खाटेशी बसून बोलला, माझ्याकडं न बघता. "तुला तोंडावर न्हाई म्हणवंना, अक्का. मला वाटलं कॉम्प्युटर तुझ्याकडनं चालू हुणारच न्हाईत. जून उजाडंपर्यंत तूच कंटाळून सोडशील." अव्वा त्याला कन्नडमध्ये काहीतरी बोलली. इतक्या हळू की मलाही ऐकू आलं नाही. तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. माझ्याकडनं होणार नाही, असं माझ्याच भावानं धरून चाललेलं — जागेपेक्षा तेच टोचतंय.

आणि एक, तेही त्यानंच सांगितलं. टाइपरायटर भंगारात किती किलो भरतील ते विचारायला त्यानं मार्चमध्ये बादशहाभाईंनाच गाठलं होतं.

क्लासवर जाऊन भाईंना विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तरी रोज येत होता? मला इथं राबू दिलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी त्याच दिवशी कुलूप लावलं असतं, बाई."

उठून घरी आले.

३० जून, शनिवार

सगळ्या बॅचा घेतल्या. शेवटची मुलं गेल्यावर भाईंना म्हटलं, "तुमच्या दुकानात कॉम्प्युटरची टेबलं किती मावतील?"

"तीन," म्हणाले. "मोजलंय मी. मार्चमधीच."