तलावकाठचा थर्माकोल अर्जदाराच्या घरी असल्याबाबत

प्रति,
मा. काठ-पाहणी अधिकारी,
जिल्हा पर्यावरण कक्ष, धाराशिव.

अर्जदार : नारायण वामन काक्रंबेकर, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. नळदुर्ग.

विषय : शेळीची उचकी, न जळू देणारे रसायन, सौ. सरोजिनी यांचे येडशीस प्रयाण; देवांची गैरसोय; एक तराफा.

संदर्भ : १) अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज. २) त्यास आपले उत्तर. ३) त्या उत्तरावर अर्जदाराने दिलेले हमीपत्र.

महोदय,

वरील विषयातील एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. नोकरीत असताना असा अर्ज त्याने खिडकीतूनच परत केला असता. तरी वाचावे.

१. गेल्या पावसाळ्यानंतर नळदुर्गबाहेरील साठवण तलावाच्या काठावर पांढरा थर साचला. ढाब्यांवरच्या ताटल्या, टीव्हीच्या खोक्यांतले ठोकळे, लग्नाच्या स्टेजवरचे मोर आणि हत्ती. अर्जदार तिकडे सकाळी फिरावयास जातो व निवृत्त माणसाप्रमाणे नको तिथे लक्ष घालतो. त्याची पुतणी नीरजा धाराशिवच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने काही तुकडे प्रयोगशाळेत पाठवले. थर्माकोल लवकर पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनचे एक रसायन घालतात, ते त्यांत निघाले. ते पाण्यात उतरते, माशांत साठते. शिवाय शेतांतून वाहून आलेली फवारणीची औषधे हे तुकडे अंगाला चिकटवून घेतात. समुद्रकिनाऱ्यांवर याचा अभ्यास झालेला आहे, तलावांकडे कोणी बघत नाही, असे ती म्हणाली. अर्जदाराने त्याच दिवशी अर्ज ठोकला.

२. आपले उत्तर आले की, जिल्ह्यास समुद्र नसल्याने किनाऱ्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि पाहणी होईल, तोवर पुरावा सुरक्षित ठेवावा व हलवू नये. तलावावर वारा असतो. त्यामुळे सुरक्षित ठेवायचा तर हलवावा लागतो आणि न हलवावा तर तो आपणहून हलतो. 'सुरक्षित ठेवावा व हलवू नये' हेच वाक्य अर्जदाराने नोकरीभर लोकांना लिहिले. त्यांचे पुढे काय झाले, ते विचारले नाही. त्याने अख्खा काठ पोत्यांत भरून घरी आणला आणि यापुढे एक कणही हलवणार नाही, असे हमीपत्र कोणी मागितले नसताना दिले. याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

४. घराची सद्यःस्थिती. पुढची खोली भरली. मधली भरली. देवघरात देव आहेत, पण दिसत नाहीत. पंखा लावल्यास बर्फ पडतो. पोह्यांत पोहे कुठले, हे चावल्यावर कळते. सौ. सरोजिनी म्हणाल्या, "एक तर ह्या घरात मी राहीन, नाही तर तुमचा पुरावा." पुरावा हलवण्यास मनाई असल्याने त्या हलल्या. सध्या येडशीस भावाकडे आहेत. नंतर शेजारची शेळी एका पोत्याचा कोपरा खाऊन गेली व तिला उचकी लागली. अर्जदाराने आधी पुराव्यात घट झाल्याची नोंद केली, मग शेळीला पाणी पाजले. या क्रमाची त्याला अजून लाज वाटते.

५. इथपर्यंत हसून घ्यावे. पोत्यांबरोबर मल्लिनाथ यांचा तराफाही घरी आला आहे. मल्लिनाथ तलावात जाळे टाकतात. महामार्गावर उलटलेल्या एका थंडगार मालाच्या गाडीतल्या जाड थर्माकोल शीट त्यांनी एकावर एक बांधल्या, पोत्यात शिवल्या. त्यावर मांडी घालून ते पाण्यात जातात. नीरजाच्या अहवालात सर्वांत जास्त रसायन याच शीटमध्ये आहे. तराफा काठावर वाळत होता, मल्लिनाथ बाजारात होते. अर्जदाराने तो उत्तम नमुना म्हणून उचलला.

मल्लिनाथ संध्याकाळी दारात आले. म्हणाले, "सायब, ईष असंल तर असू द्या. बुडत तर न्हाय." अर्जदाराने त्यांना हमीपत्राची प्रत वाचून दाखवली. सही कशी ठळक आली आहे, तेही दाखवले. ते मान हलवून गेले.

काल त्यांच्या पत्नी प्रेमाबाई आल्या. चप्पल न काढता पोत्यांमधून थेट अर्जदाराच्या टेबलापर्यंत आल्या. "काका, मालक आता ट्यूबवर बसून जातेत. ठिगळं लावल्याली ट्यूब हाय, फुसफुस करती. तुमचा त्यो कागुद लई भारी हाय म्हणं. तरंगतो का? तरंगत असंल तर त्योच द्या, त्याच्यावर बसून टाकतेत जाळं." अर्जदाराने नियमाची बाजू मांडण्यासाठी तोंड उघडले. त्या आणखी एकच वाक्य बोलल्या. अर्जदाराने हमीपत्राची प्रत खणात ठेवली.

६. सबब, अर्जदाराने आज उजाडताच सदर तराफा हलवला. डोक्यावर घेऊन काठापर्यंत नेला व मल्लिनाथ यांच्या ताब्यात दिला. वाटेत कण सांडले, म्हणजे पुरावा आता रस्त्यावरही आहे. हमीपत्राचा भंग पूर्ण शुद्धीत केला. तराफा विषारी आहे, हे म्हणणे अर्जदार मागे घेत नाही. त्यावर एक माणूस बसलेला असतो, एवढे त्यात वाढवतो.

तरी विनंती की,
(अ) मल्लिनाथ यांना एक साधी होडी मिळवून द्यावी. ती काठाला लागेल त्या दिवशी अर्जदार तराफा स्वतः आपल्या कार्यालयात आणून टाकील.
(आ) उरलेली पोती न्यावीत, म्हणजे सौ. सरोजिनी यांना आणावयास जाता येईल.
(इ) अर्जदारावर रीतसर कारवाई करावी. कार्यालयात (इ) नेहमी आधी होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. या खेपेस (अ) आधी व्हावे.

आपला नम्र, व केसांत पांढरे कण असलेला,
ना. वा. काक्रंबेकर
दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो.

सोबत : १) प्रयोगशाळेचा अहवाल. २) भंग झालेल्या हमीपत्राची प्रत. थर्माकोलचा नमुना जोडलेला नाही. लिफाफ्यात आढळल्यास तो आपणहून आला आहे.

ता. क. : परिच्छेद ३ वर लिहावयाचा राहिला. तो असा :

३. मल्लिनाथ यांना पोहता येत नाही.