पानातला अर्ज

गुरुवार, संध्याकाळ. टेंभुर्णी

तिसऱ्यांदा डोळे मिटून बायबल उघडलं. पुन्हा तेच पान, अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपला देश सोडून निघतो ते. हायसं वाटलं. म्हणजे देवच सांगतोय, पुण्याला बदली घे.

आई भाकरी थापता थापता हसली. "अगं माय, त्या पानात आठवडाभर तुझा बदलीचा अर्ज हाय. बराबर तिथंच उघडंल की."

अर्ज उद्या द्यायचाय. मी गेले तर ही इथं एकटी. मी देवाला विचारत होते, की नुसता होकार मागत होते? प्रार्थनेला बसले, तरी बोटं अर्जावरच. 'जाऊ नको' असं उत्तर आलं तर ऐकेन का? भीती वाटते.

शुक्रवार. सकाळी अर्ज आईच्या हातात दिला आणि रिकाम्या हातांनी गुडघे टेकले.