ज्यानं लिहिलं, त्यानं गायचं नाही

ओमाहा,
९ फेब्रुवारी २००४

ती. मारितताईस,
सा. न. वि. वि.

चार मोडलेल्या बँडांतले चौघे एकत्र आलो म्हणून पेपरवाले आम्हाला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. प्रत्यक्षात आमच्यातल्या पर्लच्या आईचं तळघर आहे, एक हीटर आहे आणि सूपचं एकच पातेलं आहे. नाव ठेवलंय ‘बॉरोड कोट्स’, म्हणजे उसने कोट, कारण नियमच तसा आहे: ज्यानं गाणं लिहिलं, त्यानं ते गायचं नाही. दुसऱ्यानं गायचं. रेकॉर्डच्या कव्हरवर कुणाचं एकट्याचं नाव नाही, सगळं चौघांचं. ड्वेनचा आधीचा बँड नावांच्या भांडणातच संपला, त्यामुळे तो या बाबतीत हट्टालाच पेटलाय. लिओना म्हणते, तुम्ही भांडा, मी तोवर ड्रम लावते.

तू बास गिटारला परत हात लावलास का गं? तू, मी आणि एमेट, आपण तिघं वाजवायचो, तशी साथ मला पुन्हा कुठे मिळाली नाही. नऊ वर्षं हे विचारायचं टाळत होतो. रेकॉर्ड निघाली की पाठवतो.

माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

सोरेन

डुलूथ,
२० सप्टेंबर २००४

चि. सोरेन यास,
अ. उ. आशीर्वाद.

रेकॉर्ड पोचली. शाळेतून आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता ऐकली. तिसऱ्या गाण्यात तू बेडकासारखा ओरडतोस, पण ऐकायला बरं वाटलं.

आता पाचव्या गाण्याचं. ड्वेन गातो की फार्गोजवळ बर्फात गाडीचं चाक माझ्या हाती होतं, डोळा लागला, आणि नाव मात्र मी मेलेल्याचं सांगितलं. सोरेन, हे आपलं आहे! गाडी एमेट चालवत होता. माझ्या नवऱ्याचं मरण उलटंपालटं करून गाणं रचायचा अधिकार यांना कुणी दिला? पिऊन तूच कधीतरी बडबडला असशील. तुमच्या नियमानं ड्वेननं ते लिहिलेलं नाही, म्हणजे पर्ल किंवा लिओना. तुला मी धरतच नाही. तू लिहिलं असतंस तर खरं लिहिलं असतंस.

जिनं लिहिलं तिचा पत्ता पाठव. मला तिच्याशी बोलायचंय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच.

तुझी मारित

लुईव्हिल,
१ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्ता पाठवत नाही. ते गाणं माझं आहे आणि त्यातलं सगळं खरं आहे.

त्या दिवशी गाडी चालवायची पाळी एमेटची होती, पण तो तापानं फणफणला होता. मी त्याला मागच्या सीटवर झोपवलं आणि गाडी स्वतः घेतली. गाडी उलटली, दोघेही बाहेर फेकले गेलो. पोलिसानं विचारलं आणि माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. वाटलं, त्याला आता कोण काय करणार? नंतर तुझ्यासमोर उभा राहिलो तेव्हा शब्द फिरवायची छाती झाली नाही.

बँडचा तो नियम ऐकला आणि मला पळवाट दिसली. ड्वेनला वाटतं, सगळं मी मनानं रचलंय. तो गात होता तेव्हा मी जिन्यावर बसून रडलो. ताई, मला फार लाज वाटते.

काय मागू तुझ्याकडे?

सोरेन

डुलूथ,
२४ ऑक्टोबर २००४

सोरेन,

वर आशीर्वाद लिहायला घेतले, हात वळला नाही.

एमेटच्या आईबद्दल तुला कधी कळवलं नव्हतं. दर जानेवारीत, त्या तारखेला, ती केक करून माझ्याकडे येते आणि माफी मागते. म्हणते, माझ्या पोराच्या हातून तुझा भाऊ मरता मरता वाचला, त्याला म्हणावं मला क्षमा कर. अशी नऊ वर्षं झाली. दरवेळी मी तिचा हात धरून सांगते की सोरेनच्या मनात काही नाही. तुझ्या वतीनं मी तिला नऊदा क्षमा केली आहे.

पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती माझ्याकडे जेवायला येणार आहे. तूही ये. गिटार आणू नकोस, आणि ड्वेनलाही आणू नकोस. तिला हल्ली कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगावं लागेल.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

मारित