मांडावरचं गाऱ्हाणं

आचरा,
२४ मार्च २०२५

सुगंधाताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. तुझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड सांधत आलं असेल. आधी तुझ्या चुका उभ्याने काढायच्या, आता पडून काढत असतील. मी बरा आहे.

तुझं मिठबाव इथून काही लांब नाही, तरी पत्र लिहितोय म्हणून हसू नको. फोनवर तू मध्येच विचारशील आणि मी खोटं बोलेन. कागद मध्ये बोलत नाही.

सर्वेशकडे उतरलोय. आंबोलीच्या नाक्यावर पावसाळ्यात मक्याची कणसं भाजायला यायचा, तोच. त्याच्या होडीला रंग देतोय. मला पोहता येत नाही, पाणी गुडघ्याला लागलं की मी मागे पळतो. त्याची आई सगळ्यांना बोलावून दाखवते, "बघा गो, डोंगरातलो बोको पाण्याक भियेता!" बाई चांगली आहे. फणसाच्या आठळ्या घालून सुक्या बांगड्याचं तिखलं करते, मी भात दोनदा मागून घेतो. होडीचा रंगसुद्धा निळा की हिरवा यावर घरात भांडण आहे.

असो. तू विचारलं होतंस, शाळा कशी चाललीय.

चांगली चालली होती गो. तू सासरी गेल्यावरही दर शनिवारी पोरं देवळापुढच्या मोकळ्या मांडावर जमायची. पुस्तक नाही, मास्तर नाही, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं, हे तुझंच म्हणणं. रुक्मिणीआजी भातलावणीच्या वेळची गाणी सांगायची आणि मध्येच सुनेला शिव्या द्यायची, पोरं दोन्ही पाठ करायची. मला काहीच येत नाही, म्हणून तू मला हुंकार दिलास. मानकरी सत्यवानकाका गावासाठी देवापुढे गाऱ्हाणं घालतो तेव्हा मागून सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ते पोरांना शिकव म्हणालीस. नववीतून पळालेला मी मास्तर झालो.

पोरं आधी कुठेही ओरडायची. काकाचं वाक्य अर्धं असतानाच व्हय. मग मी युक्ती काढली. म्हटलं, शब्दांकडे लक्ष देऊ नका. म्हाराजा ऐकलं की ओरडा. आठवड्यात जमलं. असा हुंकार की पिंपळावरची वटवाघळं उडायची. काका स्वतः येऊन ऐकून गेला. "निलू, तू कामाचो निघालंस रे," म्हणाला. मला किती बरं वाटलं, काय सांगू.

गंगारामबाबाचा उजवा हात आता उठत नाही, तुला ठाऊक आहे. ढोलाचा मान त्याच्या घराचा आणि मुलगे मुंबईला. तो म्हणाला, "माजो हात ग्येलो, ढोल खंय ग्येलो? नातीक दितंय." दीपिका काय वाजवते ताई! होळीच्या दिवशी, गाऱ्हाणं झालं की, तो मांडावर सगळ्यांसमोर ढोल तिच्या गळ्यात घालणार होता. तिच्या आईने नवी ओढणी आणली होती, ढोलाची दोरी काचू नये म्हणून.

चेडवाच्या गळ्यात देवाचा ढोल, पोरीने कसा वाजवायचा, यावर काही घरांत कुजबुज होती. काकाच्या घरातही होती, हे मला नंतर कळलं. माझ्यासमोर तो फक्त "शिकवा, शिकवा" म्हणायचा.

होळीला मांड भरला. काकाने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, गुराढोरांची, लेकराबाळांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयक गेलेल्यांका सुखाचो घास दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझ्या मांडार शाळा भरवून, चेडवांच्या हातात ढोल देवन जी काय चुकी झाली आसात, ती आजपासून बंद. लेकरांका पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पोरांचा आवाज सगळ्यात मोठा. एका सुरात, जराही मागेपुढे नाही.

रुक्मिणीआजी उठली. "सत्यवाना, ह्या कोणी ठरवल्यान? कौल लाव आधी. देव काय तो सांगात."

काका हसला. "काकी, देवाक कित्याक तरास? पोरांनीच व्हय म्हटल्यानी. सगळ्या गावान आयकला."

देवापुढे दिलेला हुंकार मागे घेतलेला आपल्या गावात कोणी पाहिला नाही. गंगारामबाबा एका हाताने ढोल ओढत घरी गेला. ढोल आता खुंटीला आहे. यंदा शिमग्यात ढोल स्पीकरवर वाजला म्हणे, काकाच्या जावयाने पेनड्राइव्हमध्ये भरून आणला. काका सगळ्यांना सांगतो, "ह्येचो ठेको चुकणा नाय." आपली संस्कृती टिकली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दीपिका नळावर भेटली. कळशी भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "निलूदादा, मी पण व्हय म्हटलंय मां?"

मी काय उत्तर दिलं ते तू विचारणार, म्हणूनच फोन केला नाही. नळ बंद केला. मिळाली ती एसटी धरली. कुठली आहे तेही पाहिलं नाही, कणकवलीला कंडक्टरने उतरवलं.

एक गोष्ट राहिली. मी पोरांच्या पुढे उभा होतो. माझा हात वर गेला की ती ओरडायची. "शाळा" हा शब्द मी ऐकला होता ताई. नीट ऐकला. आणि तरी म्हाराजा आला आणि माझा हात वर गेला.

तू वर गावात जाशील तेव्हा दीपिकाला भेट. ती काही चुकली नाही म्हणावं, तिला शिकवलं तसंच तिने केलं. माझं नाव घ्यायचं की नाही ते तू ठरव.

होडी निळीच रंगवायची ठरली.

सगळ्यांत आधी ओरडलेला,
तुझा निलू