दोरीपलीकडची गौर

आई, मी तुझ्याशी भांडायला बसलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसलं भांडण, असं तू म्हणशील आणि "उगाच डोकं पिकवू नकोस" म्हणत कुकर लावायला उठशील. पण आज तुला उठता येणार नाही. तेव्हा ऐक. मुलुंडच्या त्या संग्रहालयात, त्या चैत्रात जे झालं, त्यावर मी तुझ्याशी कधी नीट बोललेच नाही. जे बोलले ते आदळआपट करत बोलले, आणि तू भाजी चिरत राहिलीस. मग आपण दोघींनी तो विषय पिंपात टाकून वर झाकण ठेवलं. ते झाकण गेल्या आठवड्यात उडालं.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. ज्या वाचनालयात बाबा रोज संध्याकाळी पेपर वाचत बसायचे, तिथल्याच लोकांनी तुला वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात कामाला घेतलं. संग्रहालय म्हणजे काय, तर दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. एका खोलीत मिठागरं: लाकडी फावडी, टोपल्या, उन्हात डोळे बारीक केलेल्या माणसांचे फोटो. दुसरीत मुलुंडच्या जुन्या घरांतून आलेलं सामान. तेव्हा बंगले पाडून बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या आणि ब्लॉकमध्ये राहायला जाणारी माणसं समया, पाळणे, जाती आणून संग्रहालयाच्या जिन्यात टाकायची. तुला घेतलं होतं ते झाडायला-पुसायला. पण तू गप्प बसणारी थोडीच! सगळं बघणारे सर होते, कॉलेजातून इतिहास शिकवून रिटायर झालेले. त्यांना तू एक दिवस सरळ सांगितलंस, "सर, कपाटात ठेवून कोण बघायला येणार? सणावारी मांडा की." आणि सरांनी ऐकलं. तिथून तुझे ते सणासुदीचे कार्यक्रम सुरू झाले. संक्रांतीला हलव्याचे दागिने, आणि शेगडीपुढे बसून परातीत तीळ हलवत, चमचा चमचा पाक सोडत तू हलवा करून दाखवतेयस, भोवती शाळेची पोरं. श्रावणात व्हरांड्यात मंगळागौरीचे खेळ, आणि खालून पेपरवाल्या म्हाताऱ्यांची ओरड, "अहो, छत पाडाल आमच्या डोक्यावर!" दिवाळीत मातीचा किल्ला. मी कॉलेजातून येऊन जिन्यात बसायचे आणि तुझा आवाज ऐकायचे. घरी तू असं बोलत नसायचीस. बाबा गेल्यावर घरी तू कामापुरतीच बोलायचीस.

आणि चैत्रात गौर. आपल्या घरची गौर बाबांबरोबरच बंद झाली होती. कुणी बंद करायला सांगितली नव्हती. तूच मांडली नाहीस. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या कुठल्या तोंडाने, असं काहीसं पुटपुटली होतीस. मग त्या वर्षी कुणीतरी जुना पितळी झोपाळा आणि त्यातली बोटभर उंचीची गौर संग्रहालयाला दिली, आणि तू अशी उजळलीस की मला आधी हसूच आलं. पायऱ्या काय लावल्यास, कलिंगडाचं कमळ काय कापलंस, पुढे चैत्रांगण काढलंस, त्यात शंख, चंद्र, सूर्य, कासव, हत्ती. हत्ती डुकरासारखा झाला होता आणि मी ते बोलले तेव्हा तू मला पाठीत धपाटा घातलास. सगळ्याच्या पुढे सरांनी एक जाड दोरी बांधली आणि पाटी लावली: कृपया हात लावू नये. गौरीला हात लावायची परवानगी होती ती फक्त तुला. मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. घरात जे तुझ्या हातून सुटलं, ते इथे पगार देऊन तुझ्या हातात ठेवलंय, असं.

पण आपल्या बायकांना दोरी कळते का? तो काळच तसा होता. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, पडद्यावर देव आला की म्हातारी माणसं चपला काढून बसायची. टीव्हीतला देव चालतो, तर संग्रहालयातली गौर का नाही? पहिल्या मंगळवारी कुणीतरी दोरीवरून वाकून गौरीला कुंकू लावलं. शुक्रवारी पाचपन्नास बोटांनी लावलं. अक्षता, भिजवलेले हरभरे, कुणी तर ओटीच भरली. सर कपाळाला हात लावून बसले. "अहो, ही वस्तू आहे, वस्तू! डाग पडतील." चिंचेने घासायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. मग रोज संध्याकाळी बंद करायच्या वेळी तू ओलं मऊ फडकं घेऊन गौरीचं कुंकू हलक्या हाताने पुसायचीस, आणि मग कोरड्याने टिपायचीस. ते तुझं कामच होतं.

त्या संध्याकाळी मी तुला न्यायला आले होते. वाचनालयाच्या महिला समितीच्या काकू पर्स विसरल्या म्हणून परत वर आल्या, माझ्या मागोमागच. दारातच थबकल्या.

"अगं बाई! हे काय करताय? देवीचं कुंकू पुसताय?" आणि मग, जरा थांबून, "आणि तेही तुम्ही?"

तू फडकं पाठीमागे लपवलंस, आई. शाळेतल्या पोरीसारखं. "पितळेला डाग पडतात म्हणून सरांनी…" एवढंच बोललीस. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! मी काही बोलणार, तर तू माझा दंड असा धरलास की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत चहा आणि बैठक. मी व्हरांड्यात, दार उघडंच. काकू वाईट नव्हत्या, हे मला आज लिहायला लागतंय, नाइलाजाने. बाबा गेले तेव्हा पहिला डबा त्यांच्याच घरून आला होता. पण खालीवर सगळ्या बायकांत बोभाटा झाला होता, आणि सर म्हणत होते, "मला स्वतःला यात काहीच वाटत नाही हो, पण लोकांच्या भावना…" मला स्वतःला काही वाटत नाही म्हणणाऱ्यांचा मला तेव्हापासून जास्त राग येतो. तरी मला वाटत होतं की तू बोलशील. हलवा करताना बोलायचीस तशी. हे मी मांडलंय, ही खोली मी उभी केली, असं म्हणशील. मग काकूंनी आवाज उतरवून विचारलं, "खरं सांगा हो. तुम्हाला तरी ते पुसताना बरं वाटायचं का?"

आणि तू म्हणालीस, "नाही. हात कापायचा."

झालं. तिथेच सगळं संपलं. बाबांच्या वेळी आत्याने ओल्या फडक्याने तुझं कपाळ पुसलं, तेव्हा मी दारात उभी होते. त्यामुळे तुझा हात का कापायचा हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण ते त्यांना कशाला सांगितलंस? तू आयतं कोलीत दिलंस त्यांच्या हातात. दोरी निघाली, पाटी निघाली, वस्तूची देवी झाली आणि तिची देखभाल काकूंच्या ओळखीतल्या एका सवाष्णीकडे गेली. तुला चैत्रापुरतं मिठागरांच्या खोलीत बसवलं. पुढच्या शुक्रवारी मी आले तर पलीकडे बायकांचा कलकलाट, अत्तराचा वास, आणि तू फावड्यांजवळ स्टुलावर. कुणीतरी दारातूनच बशी पुढे केली, "घ्या, तुमची डाळ." कैरीची डाळ. आणि तू ती घेतलीस, आणि खाल्लीस, चाटून-पुसून!

घरी येऊन मी किंचाळले, "कशी उतरली गं तुझ्या घशाखाली?"

तू विळीवर भेंडी चिरत होतीस. "डाळ चांगली होती. मीठ कमी पडलेलं."

"विनोद करू नकोस. तुझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?"

"विश्वासाचं मला माहीत नाही. हात कापायचा. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं बोलू?"

"हो! बोलायचं खोटं! मी उद्या सरांकडे जाते आणि…"

तेव्हा तू विळी आडवी केलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "अजिबात जायचं नाही. नोकरी माझी आहे, तोंड तुझं. कळलं मा गो?" रागावलीस की तुझं कोकण असं बाहेर यायचं. रात्री जेवताना मी ताट सरकवून उठले, आणि तू ते झाकून ठेवलंस.

त्यानंतर संक्रांती झाल्या, दिवाळ्या झाल्या, तू तितक्याच हौसेने मांडत राहिलीस. फक्त चैत्र आला की तुला ताप यायचा. थर्मामीटर लावू द्यायची नाहीस. सर अर्जसुद्धा न बघता रजा द्यायचे. मी मात्र तो "नाही" धरून बसले. तुझ्या शेवटच्या आजारपणात तुझं अंग पुसताना, तुझ्या केसांतून हात फिरवतानाही मनात कुठेतरी तेच की हिने तेव्हा कच खाल्ली. आपल्याच माणसाने आपल्या विरुद्ध साक्ष द्यावी, याचा राग परक्यांच्या रागापेक्षा चिवट असतो. तो तू गेल्यावरही गेला नाही.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. जावई तुझा लाडका होता, तिथे भेटला असेल तर त्याला सांग, गॅसचं बुकिंग आता मोबाईलवरून होतं आणि मला ते जमतं. मी टिकली काढली नाही. मंगळसूत्रही घालते, मला आवडतं म्हणून. यांच्या तेराव्याला नणंद काही बोलायला आली, तिला मी चारचौघांत असं सुनावलं की ती अजून फोन करत नाही. सोसायटीच्या हळदीकुंकवात सगळ्या बायकांना बोलवायचं, विधवा-बिधवा काही नाही, हे मी गेल्या संक्रांतीला भांडून ठरवून घेतलं. भाषण ठोकलं तिथे. तुझं नाव नाही घेतलं, पण सगळं तुझ्यासाठीच होतं. म्हटलं, बघ, असं बोलायचं असतं.

हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत. लेकाला तर नाहीच. तो लगेच समजूत घालायला लागेल, आणि मला आत्ता समजूत नको आहे. लिहून झाले की फाडीन बहुतेक.

तर गेला आठवडा. सुनेने तिच्या माहेरची गौर आणलीय, पहिलाच चैत्र तिचा. पोरगी चांगली आहे गं, मोकळी, जीन्सवर नथ घालून फोटो काढणारी. पाट मांडला, झोपाळा लावला, आणि सहज, काही मनात नसताना, गौर माझ्यापुढे धरली. "आई, तुम्हीच बसवा ना. तुमच्या हाताने बसू दे."

"माझे हात ओले आहेत गं," मी म्हटलं. "तूच बसव."

हात कोरडे होते.